गावात बसून परदेशी मॉडर्न आर्टचं प्रदर्शन कसं भरवायचं, तेही पोस्टाने

आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या चित्रकार मंडळींचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं, इकडे गॅलरी नाही, मुंबईत जहांगीरला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, परदेशाचं तर नावच नको. मला हे पटत नाही. परदेशातलं काम आपल्या गावात आणायला आणि आपलं तिकडे पोचवायला गॅलरी लागतेच असं नाही, मध्ये उभा राहणारा एक चित्रकार लागतो, कागद लागतो आणि पोस्ट लागतं. पोस्ट तर आपल्याकडे वेंगुर्ल्यापासून गुहागरापर्यंत गावोगाव आहे. मी हे करतो, इतरांनीही करावं अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

आधी थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय हे काम किती मोठं आहे ते कळत नाही. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या चित्रकारांचं प्रदर्शन लागलं होतं, कँडिन्स्की, क्ले, फायनिंगर, इटेन, सगळे, आणि त्याच प्रदर्शनात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोरांचंही काम होतं. हे जुळून आलं ते पत्रव्यवहारातून, शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या स्टेला क्रॅमरिश यांनी इटेनला लिहिलं आणि तिकडून काम आलं. त्यात बहुतेक वॉटरकलर, ड्रॉइंग आणि वुडकट, म्हणजे कागदावरचं काम, जे सहज पाठवता येतं. शंभर वर्षांपूर्वी बोटीने हे होऊ शकलं.

मुंबईत पण तेच. वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार नाझींमुळे देश सोडून १९३८ मध्ये मुंबईला आला, टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर झाला, आणि त्याच्या घरी आपली तरुण पोरं जमायची, युरोपातल्या चित्रांची पुस्तकं, प्रिंट्स बघायची, वाद घालायची. सोबत समीक्षक रुडी फॉन लायडन आणि चित्रं विकत घेणारे इमॅन्युएल श्लेसिंगर. या तिघांनी १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला, म्हणजे मुंबईतल्या नव्या वळणाच्या तरुण चित्रकारांच्या गटाला, केवढा आधार दिला हे आज सगळे मान्य करतात. त्या ग्रुपमधले सूझा गोव्याच्या साळगावचे, १९४९ मध्ये लंडनला गेले. आणि ग्रुपमधले एकमेव शिल्पकार सदानंद बाक्रे, ते १९५१ मध्ये इंग्लंडला गेले, १९७५ मध्ये परत आले आणि पुढची सगळी वर्षं राहिले कुठे, तर आपल्या हर्णैजवळच्या मुरुडला, दापोली तालुक्यात! २००७ मध्ये ते तिथेच गेले. भारतीय मॉडर्न आर्टचा एक संस्थापक तीसेक वर्षं आपल्या किनाऱ्यावर राहिला, आणि तालुक्यातल्या शाळांमधून त्यांचं नावही फारसं ऐकू येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. कोणी मधला माणूस उभा राहिला नाही की असं होतं.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, हा उपक्रम तुमचं स्वतःचं काम बाहेर पाठवण्यापुरता नाही. दुसऱ्याचं काम आपल्या लोकांना दाखवणं हेही चित्रकाराचंच काम आहे, आणि माझ्या मते जास्त गरजेचं.

मेल आर्ट म्हणजे काय

पोस्टाने कला पाठवण्याची ही चळवळ अमेरिकेत रे जॉन्सनने पन्नास-साठच्या दशकात सुरू केली असं मानतात, नंतर ती लॅटिन अमेरिकेत, पूर्व युरोपात, जपानात पसरली. जपानी चित्रकार ऑन कवारा तर १९६८ ते १९७९ रोज दोन पिक्चर पोस्टकार्डं ओळखीच्यांना पाठवायचा, त्यावर रबर स्टॅम्पने तारीख, नाव-पत्ता आणि आज किती वाजता उठलो एवढंच. साधं कार्ड, पण अकरा वर्षं जमवलं की माणसाचं अख्खं आयुष्य समोर येतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पोलंडची गोष्ट. पोझ्नान शहरात यारोस्वाफ कोझ्वोव्स्की नावाचा चित्रकार, कम्युनिस्ट राजवट, बाहेरच्या कलाकारांशी संबंध ठेवणं अवघड, तर त्याने एका मित्राबरोबर जगभरच्या कलाकारांना पत्रं लिहिली की आपण आपसात काम पाठवत राहू, मध्ये कोणतीही संस्था नको. जे जे आलं ते १९७२ मध्ये त्याने आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये लावलं आणि पोलिसांनी धाड घातली. तरी तो थांबला नाही, त्याच वर्षी त्याने स्वतःची छोटी गॅलरी सुरू केली. घरातल्या भिंतीवर जर हे होऊ शकतं तर आपली पडवी काय वाईट आहे?

मेल आर्टचे अलिखित नियम आहेत ते पाळाच. फी घ्यायची नाही. निवड समिती नाही, आलेलं सगळं लावायचं. काम परत पाठवायचं नाही, ते तुमच्याकडे राहतं. आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला प्रदर्शनाची नोंद पाठवायची, फोटो, यादी, काहीतरी. शेवटचा नियम लोक विसरतात आणि तिथेच संबंध तुटतो.

विषय निवडणं, इथे वेळ घालवा

विषय असा हवा की परदेशी कलाकाराला मोकळीक मिळेल आणि आपल्या गावातल्या माणसाला त्यावर बोलायचा अधिकार वाटेल. "शांती", "निसर्ग" असले विषय नकोत, त्यावर कोणीही काहीही पाठवतं आणि बघणाऱ्याला काही बोलावंसं वाटत नाही. मीठ, जाळं, उंबरठा, गाठ, होडी, असं हाताला लागणारं काहीतरी घ्या.

मी "गाठ" हा विषय ठेवला होता. पोर्तुगालमधल्या एका बाईंनी लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र, पाठवला, काळ्या शाईत एक मोठी दोरीची गाठ, बाकी कागद कोरा. आमच्याकडचे एक रापणीवाले काका प्रदर्शनात आले, त्या प्रिंटसमोर उभे राहिले आणि बोट हवेत फिरवत दोरी कुठून वर जाते, कुठून खाली, असं बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "ही गाठ ऱ्हवाची नाय, सुटतली." मी विचारलं का, तर त्यांनी खिशातून सुतळी काढून तिथेच दोन गाठी मारून दाखवल्या, एक चित्रातली आणि एक जाळ्याची. त्या दोन्ही गाठींचा फोटो मी बाईंना पाठवला, काका काय म्हणाले तेही लिहिलं. त्यांनी दुसरा लिनोकट कोरला आणि पाठवला, जाळ्याच्या गाठीचा. कला सीमा ओलांडते म्हणजे माझ्या लेखी हेच होतं. विषय "निसर्ग" असता तर काका बघून पुढे गेले असते.

साइज आणि कॉल

साइज ए फाइव्ह, म्हणजे १४.८ बाय २१ सेंटीमीटर, किंवा पोस्टकार्ड. मोठं मागवू नका, पाकीट सपाट राहिलं पाहिजे. सपाट कागद पत्र म्हणून येतो, जाड पार्सल आलं की कस्टम्सचा विषय निघतो, ड्युटी लागू शकते, वेळ जातो. माध्यम मोकळं ठेवा पण ओलं ऑइल पेंट, काच, माती, बिया, वाळलेली पानं नकोत असं स्पष्ट लिहा. बिया आणि पानं कस्टम्सवाले अडवतात, आणि विषय निसर्गाकडे झुकला की लोक हमखास पाठवतात.

कॉल, म्हणजे कलाकारांकडून काम मागवणारं आवाहन, साध्या इंग्रजीत लिहा, गावातल्या इंग्रजीच्या बाईंकडून एकदा वाचून घ्या. त्यात एवढं आलं की झालं: आम्ही कोण, गाव कुठे आहे, विषय, साइज, शेवटची तारीख, फी नाही, निवड नाही, काम परत मिळणार नाही, सगळं लागेल, नोंद सगळ्यांना मिळेल, आणि पत्ता. गावाबद्दल चार ओळी नीट लिहा, नारळाची झाडं आणि निळा समुद्र असलं टुरिझमचं नको. इथे कोण राहतं, काय काम करतं, प्रदर्शन कोण बघणार आहे, ते लिहा. पलीकडच्या कलाकाराला बघणारा माणूस डोळ्यासमोर दिसला पाहिजे, तसा दिसला की कामही वेगळं येतं.

कॉल टाकायला मेल आर्टची मोठी नेटवर्क्स आहेत, नेदरलँड्सच्या रूड यान्सेनने १९८८ मध्ये सुरू केलेली इंटरनॅशनल युनियन ऑफ मेल आर्टिस्ट्स त्यातली एक. शिवाय प्रिंटमेकर लोकांचे ग्रुप आहेत, इन्स्टाग्राम आहेच. आपल्या सावर्ड्याच्या सह्याद्रीच्या आर्ट कॉलेजच्या पोरांना पण सांगा, त्यांनी पण पाठवू दे, आपल्या भागातलं काम शेजारी लागलं तरच संवाद होतो, १९२२ ला कलकत्त्यात झाला तसा.

पत्ता पूर्ण हवा, वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, आणि मोबाइल नंबर. परदेशी पाकिटावर नाव अर्धवट असतं, स्पेलिंग वेगळंच असतं, अशा वेळी नंबर असला की पोस्टमन फोन करतो. आणि कॉल टाकायच्या आधी पोस्टात जाऊन पोस्टमास्तर आणि पोस्टमन दोघांना भेटा, काय करतोय ते समजावून सांगा, उद्घाटनाला बोलवा. उपचार म्हणून नको, खरंच पहिल्या ओळीत बसवा, प्रत्येक काम सगळ्यात आधी त्यांच्याच हातातून गेलेलं असतं.

आपलं काम पाठवताना

नुसतं मागवायचं नाही, ज्याने पाठवलं त्याला आपलंही एक पाठवायचं. त्यासाठी प्रिंट सगळ्यात सोयीची, एकाच ब्लॉकमधून वीस निघतात आणि वीसही ओरिजिनल. लिनोला प्रेस लागत नाही, शाई रोलरने लावा, कागद ठेवा आणि मागून स्टीलच्या चमच्याने घासा, गोल गोल, कडेपासून आत, दाब सारखा. खाली पेन्सिलने डावीकडे नंबर, म्हणजे ३/२०, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही, ही जगभरची पद्धत आहे. पावसाळ्यात ऑइल बेस शाई लवकर वाळत नाही, वरून वाळलेली दिसते आणि पाकिटात चिकटते, म्हणून प्रिंट काढायचं काम दिवाळीनंतर घ्या.

प्रिंटमेकिंगचं नाव निघालं की कृष्णा रेड्डींची आठवण होतेच. आंध्रातला माणूस, शांतिनिकेतनात शिकला, पॅरिसला हेटर या प्रिंटमेकरच्या अतेलिए १७ या स्टुडिओमध्ये एकाच प्लेटवर अनेक रंग घ्यायची व्हिस्कॉसिटी पद्धत विकसित करणाऱ्यांत होता, आणि आयुष्यभर देशोदेशी जाऊन ती शिकवत राहिला. स्वतःजवळचं तंत्र लपवून नाही ठेवलं. तुम्ही पण प्रिंटसोबत ती कशी काढली ते चार ओळीत लिहून पाठवा, पलीकडून तसंच येतं.

पॅकिंग सांगतो. चित्रावर बटर पेपर, मग दोन्ही बाजूंनी पातळ पुठ्ठा, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग पाकीट. पुठ्ठ्याचे दोन तुकडे एकमेकांना आडवे ठेवा, म्हणजे एकाची रेघ उभी आणि दुसऱ्याची आडवी, मग पाकीट दुमडत नाही. सेलोटेप चित्राला कुठेही लागता कामा नये. वस्तू म्हणून पाठवलंत तर सीएन २२ हा कस्टम्सचा फॉर्म लागतो, त्यात काय आहे, किंमत किती, वजन किती ते खरं लिहा. हाताने काढलेल्या पेंटिंग-ड्रॉइंगचा कोड ९७०१ आणि ओरिजिनल प्रिंटचा ९७०२, हे पाठ असू द्या, काउंटरवर विचारतात. देशागणिक नियम बदलत असतात म्हणून पाठवायच्या दिवशी एकदा विचारून घ्यायचं.

एक गंभीर गोष्ट. सावंतवाडीकडे कोणाच्या घरी जुनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, असेल, पिंगुळीकडे चित्रकथीची जुनी पानं असतील, ती कितीही प्रेमाने कोणी परदेशातून मागितली तरी पाठवायची नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती इथेच राहायला हवी. फोटो काढून पाठवा ना. गंजिफाच मुळात इराणाकडून मोगलांबरोबर आली आणि आपल्याकडे दशावतारी झाली, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, एकशेवीस पानांचा संच. बाहेरून आलेलं आपलंसं करायची सवय आपल्या लोकांना जुनीच आहे, तेव्हा परकं मॉडर्न आर्ट गावाला झेपणार नाही असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आलेलं काम सांभाळणं

कोकणात कागदाचे दोन शत्रू, बुरशी आणि कसर. पाकीट आलं की त्याच दिवशी उघडा, पाकिटासकट फोटो काढा, स्टॅम्प आणि शिक्के पण कामाचाच भाग असतात म्हणून पाकीट फेकायचं नाही. चित्राच्या मागे पेन्सिलने हलका नंबर घाला आणि वहीत नोंद करा, नाव, देश, माध्यम, आल्याची तारीख. ३०० डीपीआयला स्कॅन. मग झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, दोन चित्रांमध्ये बटर पेपर आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. डबा जांभ्याच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, पावसात भिंत पाणी ओढते, मधल्या खोलीत स्टुलावर बरा. पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला.

कागद तुमच्याकडे आला म्हणजे चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही, आपल्याकडे तो कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. प्रदर्शनात लावणं, नोंदीत छापणं याची परवानगी कॉलमध्येच मागून ठेवा, पण टीशर्ट, कॅलेंडर असलं काही विचारल्याशिवाय करायचं नाही.

लावायचं कुठे, कधी, कसं

वाचनालय, शाळेचा हॉल, घराची पडवी, तिन्ही चांगले. देवळाचा सभामंडप मी टाळतो. तुम्ही आलेलं सगळं लावू असा शब्द दिलाय आणि एखादं नग्न चित्र आलं तर सभामंडपात ते लावता येत नाही, देवस्थान कमिटी अडचणीत येते आणि तुमचा शब्दही जातो. जागा ठरवतानाच हे बघायचं.

वेळ शिमग्याची उत्तम, चाकरमानी गावी असतात, हवा कोरडी असते. गणपतीत गर्दी जास्त पण पाऊस असतो, कागद ओलावतो. म्हणजे कॉल जून-जुलैत टाका, तेव्हा मासेमारी पण बंद असते, सगळ्यांना वेळ असतो, मदतीला माणसं मिळतात. शेवटची तारीख डिसेंबर अखेर. पाकिटांना महिना लागतो असं धरून चाला, उशिरा आलेलीही घ्या.

लावायला सुती दोरी आणि लाकडी क्लिपा पुरतात, फक्त क्लिप आणि चित्र यांच्यामध्ये कागदाची घडी घाला म्हणजे वळ उठत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर, आणि शाळेच्या पोरांसाठी एक ओळ खाली. खिडकीतून थेट ऊन येतं तिथे वॉटरकलर नको. खाली मराठीत चिठ्ठी, नाव, देश, कशाने केलंय. अर्थ लिहायचा नाही, अर्थ लिहिला की लोक चित्र सोडून चिठ्ठी वाचतात.

आता खरा भाग, लोकांना दाखवणं. भिंतभर चित्रं लावली की माणसं चक्कर मारतात, "छान आहे" म्हणतात आणि बाहेर पडतात. मी पिंगुळीच्या चित्रकथीवाल्यांची रीत घेतली. ते पोथीतलं एकेक चित्र लोकांसमोर धरतात आणि गोष्ट लावतात, तसं संध्याकाळी सगळ्यांना सतरंजीवर बसवायचं आणि दहा-बाराच चित्रं, एक एक, हातात धरून दाखवायची. आधी गप्प बसायचं, लोकांना बघू द्यायचं. मग एकच विचारायचं, काय दिसतंय. "मॉडर्न आर्टमध्ये काय कळत नाही" असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, विचारा की हे कशाने केलं असेल? पातळ रंग आधी की जाड? ही रेघ हाताने की कशाने ओढली? घरात रंगारी, सुतार, शिवणारी, विणणारी माणसं असतात, त्यांना हे प्रश्न बरोबर कळतात आणि तिथून चित्राची वाट सापडते. मग सांगायचं की हे कोणी पाठवलं, कुठून, सोबतच्या पत्रात काय लिहिलंय.

जमलं तर त्यातल्या एक-दोन कलाकारांशी व्हिडिओ कॉल लावा. वेळा आधी काढून ठेवा, जपान आपल्यापुढे साडेतीन तास, जर्मनी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन आणि थंडीत साडेचार, ब्राझीलचं साओ पावलो साडेआठ तास मागे. संध्याकाळी सातला आपल्याकडे लोक जमतात तेव्हा जपानात साडेदहा वाजलेले असतात, म्हणून युरोप आणि ब्राझीलवाल्यांना संध्याकाळी घ्या आणि जपानवाल्यांसाठी शाळेची सकाळची वेळ ठेवा. इंग्रजीची अडचण असेल तर कॉलेजमधल्या एखाद्या पोरीला शेजारी बसवा, तिला दोन दिवस आधी पत्रं वाचायला द्या.

लोक जे बोलतात ते लिहून घ्यायला एक माणूस फक्त त्याच कामाला बसवा. मालवणीत बोलले तर मालवणीतच लिहा, नंतर इंग्रजी करता येतं. प्रदर्शन संपल्यावर महिन्याच्या आत सगळ्यांना नोंद गेली पाहिजे: पूर्ण यादी, लावलेल्या चित्रांचे फोटो, आणि प्रत्येक कलाकाराला त्याच्या चित्राबद्दल गावातलं कोण काय म्हणालं ते, निदान एक वाक्य. जमेल त्यांना पीडीएफ, ज्यांच्याकडे इमेल नाही त्यांना पोस्टाने. वयस्कर मेल आर्टवाले बरेच आहेत ज्यांना पाकीटच आवडतं. त्या पाकिटातच पुढच्या वर्षीचा विषय आणि तारीख घालून टाका.